‘काळे कागद’चा नववा डबा

या, पुढे सरकून बसा. कीर्तनात मागे बसणाऱ्याला बुक्का उशिरा मिळतो, आणि गोष्टीत मागे बसणाऱ्याला गोष्ट अर्धीच मिळते. दार उघडंच असू द्या. का, ते शेवटी कळेल.

मी जन्मभर कीर्तनं ऐकत आलो. आख्यान रंगवताना बुवा पदरचं थोडं घालतात, ते मला माहीत आहे. या गोष्टीत मी पदरचं काही घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलं. त्यांनी ते आयुष्यात दोनदाच सांगितलं. एकदा माझ्या आईला, आणि एकदा मला, जाण्याच्या आठ दिवस आधी.

साल छप्पन्न. महिना जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं, तोच आठवडा. जागा परळची, एक सिनेमा थिएटर. नाव सांगत नाही, मालकाची नातवंडं अजून आहेत.

रात्र नव्हती. भर दुपार होती.

तेव्हा ते मामा नव्हते. नुसता दत्ताराम. चोवीस वर्षांचा, सडपातळ, थिएटरच्या मशीनखोलीत ऑपरेटर. त्याचे आणि माझ्या आईचे आईबाप लवकर गेले. दोघांना वाढवलं ते मावशीनं, सुंदराबाईनं. काळाचौकीच्या चाळीतून ती रोज बारा वाजता दत्तारामचा डबा घेऊन थिएटरवर यायची. ऊन असो, पाऊस असो, संप असो.

सुंदराबाईला पोटचा एकच मुलगा होता. लवू. गोदीत कामाला. चव्वेचाळीसच्या एप्रिलमध्ये गोदीत तो मोठा स्फोट झाला, त्या दिवशी लवू सकाळी कामावर गेला होता...

परत आला नाही.

काहीच मिळालं नाही. ना अंग, ना चप्पल.

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग गवताचा पुतळा करून त्याचं क्रियाकर्म उरकायचं, हा आपल्याकडचा रिवाज. येत्या एप्रिलमध्ये बारा वर्षं भरत होती. भटजी सांगून गेले. भावकी मागे लागली. सुंदराबाई सगळ्यांचं ऐकून घ्यायची, दिवेलागणीला देवापुढे वात लावायची आणि दार सताड उघडं ठेवून उंबऱ्याशी बसायची.

“माझो झील काय बुजगावणा आसा, पुतळो करून जाळूक?” एवढंच म्हणायची.

त्या दिवशी गावभर हरताळ होता. गिरण्यांचे भोंगे चार दिवस वाजले नव्हते. तरी मालकाच्या हट्टापायी दुपारचा खेळ लागला. तेव्हा एकाच सिनेमाची रिळं दोन थिएटरांत फिरायची. इकडचं संपलं की सायकलवाला पुढचं आणून द्यायचा. त्या दिवशी पहिली दोन रिळं आली. तिसरं आलंच नाही.

आला तो गलका. मग काचा फुटल्या. मग फटफट आवाज आले, आणि ते फटाके नव्हेत, गोळ्या आहेत, हे सगळ्यांनाच कळलं.

थिएटरातली माणसं उठून पळाली. डोअरकीपर बाबुरावाने जाळीचं गेट ओढून कुलूप ठोकलं, तोवर बाहेर कर्ण्यावरून हुकूम सुटला होता... संचारबंदी. कोणी रस्त्यावर दिसता कामा नये.

आत अकरा माणसं राहिली. बाबुराव धरून. आणि वर मशीनखोलीत दत्ताराम.

अकरांत सुंदराबाई होती, मांडीवर डबा घेऊन. शीव कोळीवाड्याची कमळाबाई होती, मासळी विकून सिनेमाला आलेली. दोन गिरणी कामगार, तीन पोरांसह एक जोडपं, एक म्हातारे मास्तर. वरच्या झरोक्यांना लढाईच्या वेळी उजेड बाहेर जाऊ नये म्हणून चिकटवलेले काळे कागद कोणी काढलेच नव्हते. दिवसाचा कवडसा आत येत नव्हता. अश्रुधुराचा वास तेवढा येत होता.

पोरं रडायला लागली. बाहेर आवाज झाला की जास्तच.

“ओ मशीनवाले!” कमळाबाई खालून ओरडली. “लावा की काहीतरी! ह्या पोरांच्या भोंग्यापेक्षा बाहेरच्या गोळ्या बऱ्या!”

“बाई, रिळं आली नाहीत,” बाबुराव म्हणाला. “काय लावणार? तुमची पाटी?”

“माझी पाटी लावली तर निदान वास तरी खरा येईल मेल्या!”

दोघंचौघं हसले. तेवढ्यात सुंदराबाई जिना चढून मशीनखोलीच्या दाराशी आली.

“दत्तू... माझ्या लवूचो शिनेमा आसा मां हयसर?”

होता.

त्रेचाळीस साली लढाईच्या भीतीवर एक बोलपट निघाला होता. ‘काळे कागद’. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून निम्मं गिरणगाव कोकणात पळालं, तेव्हा मागे राहिलेल्यांची गोष्ट. चाळीतली एक खोली, खिडक्यांना काळे कागद, टोपी घातलेला एकच दिवा, आणि भोंग्याची वाट बघत बसलेली सात माणसं. कंपनीला खरे चेहरे हवे होते. गोदीच्या फाटकावरून त्यांनी लवूला उचललं आणि त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसवलं. सबंध सिनेमाभर तो बसून असतो. आठव्या रिळात उठतो, “मी बघून येतो” म्हणतो आणि दाराबाहेर जातो. नवव्यात परत येतो. सुटकेचा भोंगा होतो, कागद फाडले जातात, खोलीत ऊन येतं. संपलं.

सिनेमा तीन दिवस चालला. सुंदराबाई ‘उद्या बघू’ म्हणत राहिली. चौथ्या दिवशी तो उतरला. कंपनी बुडाली, एकुलती एक प्रत या थिएटरच्या अडगळीत राहिली. वर्षभरात लवूही गेला.

जवळजवळ बारा वर्षं तिनं आपल्या मुलाचा चेहरा बघितला नव्हता. घरात साधा फोटोही नव्हता.

दत्तारामचे उस्ताद होते अप्पा. जुने ऑपरेटर, कीर्तनवेडे, कमरेला टाळ बांधून कामावर येणारे. मशीनखोलीचं दार लावून रोज पूजा करायचे. मागच्या आषाढात ते गेले. गेल्यावर त्यांचे टाळ खूप शोधले, सापडले नाहीत. जिवंत असताना अडगळीतल्या त्या डब्यांना त्यांनी दत्तारामला हात लावू दिला नव्हता, आणि एक गोष्ट मात्र शंभरदा बजावली होती.

“दत्त्या, शेवटचा डबा उघडून बघितल्याशिवाय पहिलं रीळ लावायचं नाही. आरतीवाचून सोडलेल्या कीर्तनातली माणसं घरी जातात, पण त्यांचं मन तिथंच अडकतं. खेळाचंही तसंच असतं.”

दत्तारामने डबे काढले. एक ते नऊ. पहिले आठ उघडून तपासले. फिल्म जुनी होती, तरी शाबूत होती. नवव्याचं झाकण गंजून बसलेलं. त्याने डबा हातात तोलून बघितला...

जड होता.

ऑपरेटरला जड डबा म्हणजे भरलेलं रीळ. खाली पोरगं किंचाळत होतं. मावशी दारात पदर आवळून उभी होती. दत्ताराम मनाशी म्हणाला, आठवं संपेपर्यंत उघडू.

इथंच चुकलं.

पहिलं रीळ सुरू झालं. पडद्यावर ती खोली आली. सात माणसं. उंबऱ्यावर पाठमोरा लवू.

खालून सुंदराबाईचा आवाज आला. “तो बघा. तो माझो झील.” शेजारी बसलेल्या कमळाबाईने तिचा हात हातात घेतला, तो दत्तारामला वरच्या चौकोनी भोकातून दिसला. पोरंही गप्प झाली.

पडद्यावर दम्याचा एक म्हातारा होता. तो खोकायचा.

तिसऱ्या रिळात तो खोकला... आणि खोकल्याचा आवाज कर्ण्यातून आला नाही.

खालून आला. खुर्च्यांतून.

दत्तारामला वाटलं, मास्तर खोकले असतील. त्याने पडद्याकडे बघितलं. म्हाताऱ्याची जागा रिकामी होती. कोपऱ्यात नुसती त्याची घोंगडी.

रीळ बदललं. चौथं. पाचवं.

खोलीत बाळाला थोपटणारी एक बाई होती. आता नव्हती. पाळणा हलत होता...

पाचव्या रिळाच्या मध्यावर बाबुराव धापा टाकत वर आला.

“दत्ताराम, तू कुणाला आत सोडलंस काय रे?”

“मी? मी इथून हललो तरी का? किल्ली तुझ्याकडे.”

“किल्ली माझ्याच कमरेला आहे. कुलूप आत्ता बघून आलो.” बाबुरावाने कपाळ पुसलं. “आपण अकरा होतो ना?”

“हो.”

“मी तीनदा मोजले. चौदा होतायत.”

दत्तारामने भोकाला डोळा लावला. अंधारात डोकी दिसत होती. त्याने मोजली. बाबुराव वर होता, म्हणजे खाली दहा हवीत.

तेरा होती.

त्यातली तीन पडद्याकडे बघत नव्हती. मान वळवून दाराकडे बघत होती. बाहेर जायच्या दाराकडे... जसं कोणी वाट बघतं तसं.

“बंद कर रे,” बाबुराव कुजबुजला.

बंद करावं, तर मावशी. तिचा चेहरा भोकातून दिसत होता, पडद्याचा उजेड पडलेला. बारा वर्षांत ती अशी कधी दिसली नव्हती. लवू अजून पाठमोराच होता. तो वळायचा होता आठव्या रिळात.

“चारच रिळं राहिलीत,” दत्ताराम म्हणाला. “तो परत आला की बंदच होणार आहे. तू खाली पोरांजवळ जा.”

बाबुराव गेला. खुर्चीत बसला. बसला तो बसलाच.

सहावं. सातवं. खोलीतलं एकेक माणूस कमी होत होतं. उठून जाताना कोणी दिसत नव्हतं. आपण पापणी मिटायची, उघडायची... आणि जागा रिकामी. बाहेरचे आवाजही थांबले होते. ना गलका, ना कर्णा. मशीनची खरखर तेवढी.

आठव्या रिळात खोलीत एकटा लवू उरला.

तो उठला. वळला. वीस वर्षांचा, रुंद कपाळाचा. सुंदराबाईच्या तोंडून हुंदका फुटला.

सिनेमात सगळे शुद्ध बोलायचे. “मी बघून येतो” एवढंच त्याचं वाक्य, अप्पांनी ते दत्तारामला कितीदा म्हणून दाखवलं होतं. लवूने पडद्यातून सरळ खाली, तिसऱ्या रांगेकडे बघितलं.

“आये,” तो म्हणाला, “मी बघून येतंय हां.”

दार उघडलं. बाहेर मिट्ट काळोख. तो गेला.

रीळ संपलं. फिल्मचं शेपूट फडफडलं. दत्तारामने नववा डबा गुडघ्यात धरला, पेचकस घालून झाकण उचकटलं...

आत फिल्म नव्हती.

अप्पांचे पितळी टाळ होते. कापराची पुडी, बुक्क्याची डबी, काड्यापेटी, आणि बोटभर विठोबा.

ते वजन टाळांचं होतं. नववं रीळ कुठे गेलं, ते गुपित अप्पांसोबतच गेलं.

दत्तारामने मशीनच्या दिव्याचा कार्बन विझवला. अंधार व्हायला हवा होता.

झाला नाही.

पडद्यावर ती खोली तशीच होती. रिकामी. दार उघडं. मशीन बंद... आणि दार उघडं.

तो जिन्यावरून धावत खाली आला. “चला, उठा! खेळ संपला!”

कोणी उठलं नाही.

“उठवत नाही रे,” कमळाबाई म्हणाली. तिच्या आवाजातली धार गेली होती. “पाय माझे नाहीतच असं झालंय. हा बाजूचा म्हातारा कोण? हा श्वास घेत नाही रे...”

बाबुराव दाराकडे बघत होता. मास्तर दाराकडे बघत होते. तीनही पोरं, रडायची विसरून, दाराकडे बघत होती. सतरा माणसं. अकरा आपली आणि सहा ती. सगळी सुटकेचा भोंगा होण्याची वाट बघत होती, आणि तो भोंगा ज्या रिळात होता ते रीळच नव्हतं. दत्तारामला स्वतःचेही पाय जड व्हायला लागलेले जाणवले. मागच्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. बसावंसं वाटत होतं. फार वाटत होतं.

तेव्हा त्याला अप्पा आठवले. कीर्तन आरतीवाचून सोडू नये.

हातात डबा होताच. तो पडद्याखाली जाऊन उभा राहिला. विठोबा खुर्चीवर ठेवला, डब्याच्या झाकणात कापूर पेटवला. एका हातात ते झाकण, दुसऱ्यात टाळ, टाळाची एक वाटी मांडीवर आपटत त्याने आरती सुरू केली. झाकण हाताला चटके देत होतं. तो म्हणत राहिला.

आरती सुरू झाली की बसून राहायचं नसतं. हे आपल्या हाडात असतं. आधी मास्तर उठले, खुर्चीला धरून. मग कमळाबाई. मग जोडपं, पोरं, कामगार, बाबुराव. मग... ती सहा. हात जोडून. कापराच्या उजेडात त्यांचे चेहरे दिसत होते, पण सावल्या कुठेच पडत नव्हत्या.

सगळे उभे राहिले.

एक सोडून.

सुंदराबाई तिसऱ्या रांगेत बसूनच होती. नजर पडद्यावरच्या उघड्या दारावर.

दत्ताराम म्हणता म्हणता तिच्याजवळ सरकला. कडवं संपल्यावर श्वासापुरता थांबला. “मावशी, ऊठ. आरतीला बसू नये. ऊठ गो.”

“माझो झील भायर गेलो हा,” ती शांतपणे म्हणाली. “तो इल्याशिवाय मी कशी उठू?”

“मावशी, तो सिनेमा आहे...”

“तुझी आरती थांबव मगे. तो येय्सर थांबव.”

बघा आता. थांबवली असती, तर ती एकटी राहिली नसती. सगळेच राहिले असते. ती पोरंही. झाकणात कापूर संपत आला होता. दत्तारामने तिच्याकडे बघितलं. त्याला आंघोळ घालणारे, भात कालवून भरवणारे ते हात मांडीवरच्या डब्यावर होते.

त्याने डोळे मिटले आणि शेवटचं कडवं म्हटलं.

कापूर विझला...

आणि भोंगा झाला.

लांबलचक, एकसुरी. लढाईत धोका टळला की व्हायचा तसा. त्या आठवड्यात परळच्या एकाही गिरणीत वाफ नव्हती. पण दहाही जणांनी तो ऐकला. मरेपर्यंत सगळे तेच सांगत राहिले. रस्त्यावरच्या कोणीही तो ऐकला नाही.

हॉलचं बाहेर जायचं दार आपोआप उघडलं. पाच वाजताचं ऊन आत आलं. माणसं धावली. संचारबंदीत तासाभराची सूट मिळाली होती. बाबुराव जाळीच्या गेटचं कुलूप काढत होता, दत्ताराम गेटजवळ उभा राहून मोजत होता. आठ... नऊ... शेवटी कुलूप हातात घेतलेला बाबुराव. दहा.

तो उलटा पळत आत गेला.

पडदा पांढरा होता, नुसतं कापड. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर जेवणाचा डबा होता. झाकण काढलं तर भात अजून कोमट होता.

सुंदराबाई नव्हती.

थिएटर उलटंपालटं केलं. बाहेर जायला ते एकच गेट. बाबुराव देवाची शपथ घेऊन सांगायचा, म्हातारी माझ्या पुढून गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तारामने आठवं रीळ उन्हात धरून शेवटचा तुकडा बघितला. चित्रं नखाएवढी. रिकामी खोली. उघडं दार. आणि उंबऱ्यावर, जिथं लवू बसायचा तिथं, नऊवारी नेसलेली एक बाई. पाठमोरी. बाहेरच्या काळोखाकडे तोंड करून बसलेली.

एप्रिल आला. भावकी म्हणाली, दोघांचे पुतळे करू. मामांनी करू दिले नाहीत. “ते घरी यायचे आहेत,” म्हणाले. मुंबईतला एकही जुना बाजार त्यांनी सोडला नाही. नववं रीळ शोधण्यात त्यांचं आयुष्य गेलं. मिळालं नाही. कापराचा डाग त्यांच्या तळहातावर शेवटपर्यंत होता. मला सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “आरती थांबवायला हवी होती का रे?”

 

ते आठ डबे आता माझ्याकडे आहेत. गेल्या महिन्यात धीर करून मी आठवा उघडला. शेवटचा तुकडा खिडकीशी धरला. मामा म्हणाले होते, ती पाठमोरी आहे...

मला तिच्या कानातली कुडी दिसली. गालाची कडा दिसली.

ती वळतेय.

तिला कोणी येताना दिसलंय, की आत कोण बघतंय हे ती बघतेय, ते मला कळत नाही. डबा मी बंद केला. पुन्हा उघडलेला नाही. पण हल्ली कीर्तनात आरतीला उभा राहिलो की माझं लक्ष देवाकडे राहत नाही. मान वळते. कोणी बसून तर नाही ना राहिलं, ते मी बघतो.

म्हणून म्हटलं, दार उघडं असू द्या. तुम्हीही घरी गेल्यावर एवढंच करा. दिवेलागणीला वात लावली की लगेच कडी घालू नका. क्षणभर थांबा. काळाचौकीची सुंदराबाई, लवूची आई, अजून उंबऱ्यावर बसली आहे. तिची आठवण काढा... आणि मगच दार लावा.